खिडकी मिटली, सेशन चालूच

एमएस्सीनंतर संशोधनासाठी पुण्यात आले, तेव्हा क्लस्टर (एकत्र काम करणारे, जोडलेले कॉम्प्युटर) हा शब्द मी फक्त ऐकून होते. लॉगिन मिळालं, सोबत सूचना: रेणूंची चित्रं बघायची तर रिमोट डेस्कटॉप वापर, म्हणजे तिकडच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या खिडकीत. वापरला. दीड आठवड्याने सिस्टीम अ‍ॅडमिनचा मेल आला, "ग्राफिक्स नोडवर तुमच्या नावाने ७ डेस्कटॉप चालू आहेत. सगळे हवे आहेत का?"

(नोड म्हणजे क्लस्टरमधला एक कॉम्प्युटर.) माझ्या मते एकही चालू नव्हता. रोज संध्याकाळी फुलीवर क्लिक करून तर मी निघत होते!

फुलीने तुटतं ते फक्त कनेक्शन. तिकडे सर्व्हरवर तुमचा डेस्कटॉप, त्यात उघडलेले प्रोग्रॅम, त्यांनी अडवलेली मेमरी, सगळं जिथल्या तिथे राहतं. मी रोज सकाळी जुन्याला जोडून घ्यायचं सोडून नवा व्हीएनसी सर्व्हर (असा दूरचा डेस्कटॉप चालवणारा प्रोग्रॅम) सुरू करायचे. तो सुरू होताना कोलननंतर एक आकडा दाखवतो, तेवढा वहीत लिहून ठेवा. ५९०० मध्ये तो मिळवला की पोर्ट मिळतो; तिसऱ्या डेस्कटॉपचा ५९०३. दुसऱ्या दिवशी त्याच पोर्टवर गेलात की कालची खिडकी कालच्यासारखी समोर. काम खरंच संपलं असेल तर आतल्या मेनूतून लॉगआउट करा, नाहीतर टर्मिनलवरून तोच आकडा देऊन किल करा. एक्सटूगो या दुसऱ्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये सस्पेंड आणि टर्मिनेट अशी दोन वेगळी बटणंच असतात, म्हणून नवख्याला ते बरं.

डेस्कटॉप तिकडे चालूच राहण्याच्या याच गुणाने मला एकदा वाचवलंही. दिवाळीत गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत होते आणि लाइट गेली. राउटर नव्हताच, पण लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप बंद. दोन तासांनी परत जोडलं तर अर्धवट टाइप केलेली ओळ कर्सरसकट तशीच होती. अशा मंद नेटवर चित्राचा दर्जा कमी करा, वॉलपेपर काढा, आणि जड नोमऐवजी हलका एक्सएफसीई डेस्कटॉप निवडा. फरक लगेच कळतो.

पासवर्डचं एक. साध्या व्हीएनसीत पासवर्डच डीईएस या कूटबद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीची किल्ली होतो, आणि ती किल्ली ८ बाइटची. म्हणजे नववं अक्षर काहीही असो, कुणी बघत नाही. शिवाय पडद्यावरचं उघडंच प्रवास करतं. म्हणून एसएसएचचा (सुरक्षित, कूटबद्ध कनेक्शनचा) बोगदा काढून त्यातूनच जोडायचं. एक्सटूगो आणि त्याच्याच जातीचं थिनलिंक हे काम आपणहून करतात.

आता बऱ्याच ठिकाणी ओपन ऑनडिमांड असतं. ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरने बनवलेलं, ब्राउझरमध्येच चालणारं. फॉर्ममध्ये तास, कोअर, मेमरी भरायची. मागे स्लर्म हा क्लस्टरवरची कामं वाटणारा प्रोग्रॅम तुम्हाला रांगेत उभं करतो आणि नंबर लागला की डेस्कटॉप उघडतो. इथे उलटा धडा मिळाला. ४ तास मागितले होते, एक आकृती सजवत बसले, आणि वेळ भरताच डेस्कटॉप गेला. सेव्ह न केलेल्या आकृतीसकट. इथला डेस्कटॉप म्हणजे एक जॉबच, मुदत संपली की मारला जातो. तेव्हापासून मी तासाभराचा अंदाज असेल तर दोन तास मागते. सरसकट २४ तास भरणारे आमच्याकडे आहेत. जीपीयू अडवून जेवायला जातात, आणि रांगेत बाकीचे ताटकळतात. मला ते पटत नाही.

डेस्कटॉप उघडायच्या आधीच काळा पडून बंद होत असेल, तर अ‍ॅडमिनकडे धावण्याआधी दोन गोष्टी बघा. होम डिरेक्टरीचा कोटा भरलाय का? आणि बॅशआरसीमध्ये (टर्मिनल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) कोंडा, म्हणजे पॅकेजं सांभाळणारा प्रोग्रॅम, आपोआप सुरू होतंय का? कोंडाचं स्वतःचं डीबस (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायला लागणारी सोय) असतं, ते सिस्टीमच्या आड येतं आणि डेस्कटॉप उठतच नाही. माझे यात दोन दिवस गेले. शेवटी त्या ओळींपुढे हॅश टाकला आणि डेस्कटॉपचा निळा पडदा दिसला.

आणि लॉगिन नोडवर (सगळे आधी जिथे शिरतात तो सामायिक कॉम्प्युटर) रेणू दाखवणारं व्हीएमडी उघडून मोठी ट्रॅजेक्टरी (रेणूंच्या हालचालींची फाइल) चढवू नका. त्याबद्दल येणाऱ्या मेलच्या शेवटी प्रश्नचिन्ह नसतं.