बायकोचे पणजोबा १९०० च्या जनगणनेत सापडत नव्हते, अखेर सापडले

बायकोचं माहेर अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचं, तिचे पणजोबा तिथल्या लेक ईरी या मोठ्या तळ्यावर बोटीवर होते एवढंच घरात माहीत. १९०० च्या जनगणनेत त्याच पत्त्यावर पणजी आणि पोरं आहेत, हे गायब. आडनावाची सगळी स्पेलिंगं टाकून झाली, न्यूयॉर्क बंदराचे खलाशांचे कागद पण चाळले (ते समुद्रावाल्यांचे, तिथे काय मिळणार). दोन महिने डोकं फिरलं होतं.

मग लक्षात आलं की १९०० ची मोजणी १ जूनची, म्हणजे बोटींचा ऐन सीझन, माणूस पाण्यावर. १९२० ची मात्र १ जानेवारीची, तेव्हा तळी गोठलेली, बोटी बांधून ठेवलेल्या. म्हणून आधी १९२० उघडा, नाव आणि पत्ता दोन्ही टाकून. आमचे तिथेच मिळाले, धंद्याच्या रकान्यात 'सेलर', पुढच्यात 'लेक बोट'. मग तो पत्ता धरून शहराच्या डिरेक्टऱ्या (रहिवाशांच्या नाव-पत्त्यांची छापील पुस्तकं) वर्षावर्ष मागे जात बघा. बोटीचं नाव आम्हाला जुन्या फोटोत दिसलं, लाइफबॉयवर (बुडणाऱ्याला टाकतात त्या गोल रिंगवर), भिंग लावून. एका नावाच्या बोटी बऱ्याच असतात, तेव्हा अमेरिकन सरकारच्या व्यापारी जहाजांच्या वार्षिक यादीतून तिचा ऑफिशियल नंबर (प्रत्येक बोटीचा वेगळा सरकारी नंबर) काढा आणि तोच नंबर बोलिंग ग्रीन युनिव्हर्सिटीच्या ग्रेट लेक्स (ईरी धरून तिथली पाच मोठी तळी) संग्रहात टाका.