पुढचा डिफरन्शियल वेल्ड करताना

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) वेल्ड केला की पुढची दोन्ही चाकं कायम एकत्रच फिरतात. मॅन्युअल लॉकिंग हब (चाक ॲक्सलला हाताने जोडायची किंवा 'फ्री', म्हणजे सुटं करायची कळ) नसतील तर या कामाला हातच लावू नका. यवतेश्वर घाटाच्या डांबरी वळणांवर हब 'फ्री' नसले, तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण पंचने मारा, कॅरिअर (डिफरन्शियलचे गिअर धरणारा सांगाडा) बाहेर काढा, क्राउनव्हील (त्यावरचा मोठा दातेरी गिअर) आणि बेअरिंग उतरवा. डिझेलने धुऊन, कोरडं पुसून टॉर्चने तेल जाळून टाका. दातांच्या बुडाशी थेंबभर तेल राहिलं तरी वेल्डला छिद्रं पडतात.

गिअर कडक पोलादाचे, थंडपणी वेल्ड केले की हमखास तडकतात. साधारण २०० अंशांपर्यंत तापवा. ३.१५ मिमीचा, भट्टीत सुकवलेला ७०१८ (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड घ्या. अर्थ क्लॅम्प कॅरिअरवरच लावा. कॅरिअरच्या आतल्या स्पायडर आणि साइड गिअरचे दात भिडतात तिथे समोरासमोर, आलटूनपालटून छोटे टाके घाला. मग कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर निवू द्या. पाणी मारू नका (घाई झालेला माणूस नेमकं हेच करतो).

स्लॅगचा (वेल्डवर जमणारी कडक खपली) कण न् कण खरवडा. सुटला तर पिनियन (क्राउनव्हील फिरवणारा छोटा गिअर) खातो. ८०डब्ल्यू-९० जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरा, १०० किमीनंतर बदला. पूर्ण वळवलेल्या चाकांवर ॲक्सिलरेटर दाबू नका, ॲक्सलचा जॉइंट तुटतो.