तुपाऐवजी काय वापरावे: रोडग्यापासून शिऱ्यापर्यंत

गाईच्या दुधात साधारण 4 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे एक किलो तुपासाठी जवळपास 25 लिटर दूध लागते. गोठ्यात दुभते जनावर नसलेल्या घराला हा हिशेब परवडत नाही, आणि उन्हाळ्यात चारा-पाणी आटल्यावर दुभते असलेल्या घरालाही तो जड जातो. अशा वेळी डब्यात असेल ते तेल सगळीकडे तुपाच्या मापाने ओतले की पदार्थ बिघडतो. त्या पदार्थात तूप नेमके कोणते काम करते, हे आधी पाहावे आणि मगच त्याच्या जागी काय घालायचे ते ठरवावे.

भाजण्याच्या कामासाठी दुधाची साय हा मला सर्वांत चांगला पर्याय वाटतो. एक वाटी रव्याचा शिरा करताना जाड बुडाच्या कढईत पाऊण वाटी साय मंद आचेवर ठेवावी. प्रथम ती पातळ होऊन चुरचुरत राहते, पाणी आटले की कडेने तेलकट थेंब सुटू लागतात, आणि त्याच वेळी रवा घालून सतत हलवत राहिल्यास सायीतील दुधाचा अंश रव्यासोबत तांबूस होतो व तूप कढवताना येतो तसाच वास घरभर सुटतो. हात थांबला तर मात्र साय बुडाला लागते. साय नसेल तर अर्ध्या वाटी तुपाच्या जागी पाव वाटीहून थोडे अधिक शेंगदाणा तेल पुरते. दुधाची ॲलर्जी असलेल्यांसाठी साय आणि लोणी दोन्ही वर्ज्य असल्याने त्यांच्या घरी तेलच वापरावे.

रोडग्यांत तूप दोनदा लागते, कणकेत आणि खाताना. एक किलो जाडसर कणकेला अर्धी वाटी कडकडीत शेंगदाणा तेलाचे मोहन दिले तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला रोडगा आतून खुसखुशीत होतो, आणि तुपात बुडवण्याऐवजी तो गरम असतानाच कुस्करून त्यावर लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेले वरण भरपूर ओतले तर घास कोरडा लागत नाही. पुरणपोळी तव्यावर तेलाने शेकावी आणि घरात असेल तेवढे तूप ताटात वाढताना वरून सोडावे, कारण तुपाचा सुगंध आचेवर उडून जातो आणि शेवटी घातलेला चमचाभर तूपच जिभेला कळते. बेसनाचे गोळे घालून शिजवलेल्या गोळाभाताला तर पर्याय शोधण्याचीच गरज नाही. मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी हीच त्याची मूळ जोड आहे.

जवसाचे पीक आपल्याकडे जुने आहे आणि घाण्यावरचे ताजे तेल चटणी-भाकरीवर किंवा गरम भातावर कच्चे घेतल्यास फार रुचकर लागते. ते फोडणीला वापरू नये. थोड्याच आचेवर ते धुरावते आणि कडवट होते. त्याला खवट वासही लवकर येतो, म्हणून पाव लिटरच आणावे आणि गडद रंगाच्या बाटलीत, चुलीपासून दूर ठेवावे.

लाडवांच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. एका मे महिन्यात बेसनाचे लाडू तेलात करून रात्री डब्यात भरले आणि सकाळी डब्याच्या तळाशी त्यांचा सपाट थर झालेला सापडला. तूप गार झाल्यावर थिजते आणि लाडवाला धरून ठेवते. शेंगदाणा तेल थिजत नाही. खोबरेल तेल थिजते खरे, पण साधारण 24 अंशांच्या खाली, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढा गारवा कुठून यायचा? तेव्हापासून मी तिळाचे किंवा शेंगदाण्याचे कूट गुळाच्या पाकात वळते. या दाण्यांत जवळपास निम्मे तेलच असते आणि पाक त्यांना घट्ट बांधतो, त्यामुळे वरून स्निग्ध काही घालावे लागत नाही.

स्वस्त पडते म्हणून वनस्पती तूप आणण्याचा मोह होतो, परंतु तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत हृदयाला अपायकारक असे ट्रान्स फॅट तयार होऊ शकते. 2022 पासून देशात त्याची कमाल मर्यादा 2 टक्के आहे. सुटे वनस्पती तूप घेतल्यास त्यात ते किती आहे हे कळायला मार्ग नसतो, म्हणून घ्यायचेच झाले तर वेष्टनावरचा मजकूर वाचून बंद पाकीटच घ्यावे.