खडकांच्या सीमारेषा आखताना या चुका टाळा : मुंबईत नकाशा करणाऱ्यांसाठी

मुंबईत भूशास्त्रीय नकाशा करायला उतरलात की पहिली अडचण हीच, की खडक दिसत नाही. गिल्बर्ट हिलचे उभे स्तंभ दिसतात, मग मैलभर इमारती, मग कुठेतरी एका टेकडीच्या कापात पुन्हा कातळ. मधल्या झाकलेल्या पट्ट्यात कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन खडकांमधली हद्द, कुठून न्यायचा? बहुतेक नकाशे इथेच बिघडतात.

पट्टी ठेवून रेघ ओढणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दोन ठिकाणी कॉन्टॅक्ट सापडला की पट्टी ठेवून दोन्ही बिंदू जोडले जातात. चढउताराच्या जमिनीवर अशी सरळ रेघ फक्त उभ्या थराला शोभते. आडवा थर समोच्चरेषांना, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना, समांतर धावतो. मुंबईतले लाव्हाप्रवाह आणि त्यांच्यामधले टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) आणि शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक) यांचे थर मात्र ना उभे आहेत ना आडवे. ते समुद्राकडे, पश्चिमेला कललेले आहेत. बऱ्याच ठिकाणी डिप, म्हणजे थराचा कल, 10 ते 15 अंशांच्या आसपास मिळतो. मलबार हिल ते वरळी ही बेसॉल्टची (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाची) टेकडी अशाच कललेल्या शेलवर बसलेली आहे. वरळीचे बेडकांचे जीवाश्म याच शेलमधले.

आता हिशोब करून बघा. थर 15 अंशांनी पश्चिमेला कललेला आहे आणि वाटेत 20 मीटर खोल ओढा आहे. ओढ्याच्या तळाशी तो थर काठावरच्या जागेपेक्षा सुमारे 75 मीटर पश्चिमेला सापडेल. 1:25,000 च्या नकाशावर हे 3 मिलिमीटर झाले, म्हणजे पेन्सिलच्या रेघेच्या कितीतरी पट. ओढा ओलांडताना रेषेचा व्ही आकार होतो आणि त्याचं टोक डिपच्या दिशेला जातं, मग ओढा पूर्वेला वाहो की पश्चिमेला. अपवाद एकच : ओढ्याचा उतार डिपच्याच दिशेला आणि डिपपेक्षा तीव्र असेल, तर टोक उलटं होतं. टेकडीच्या सोंडेवर रेषा नेमकी विरुद्ध बाजूला वळते.

म्हणून आधी डिप मोजा, मग समोच्चरेषांवर रेषा कुठून जायला हवी ते फिकट पेन्सिलीने काढा आणि त्या अंदाजित जागी चालत जा. कॉन्टॅक्ट तिथे नसेल तर एक तर डिप चुकलाय किंवा मध्ये फॉल्ट, म्हणजे खडक सरकलेली भेग, आहे. दोन्ही कळणं मोलाचंच.

वरचा रंग म्हणजे खडक समजणे

फोर्टातल्या जुन्या इमारतींचा पिवळसर मालाड स्टोन म्हणजे ट्रॅकाइट, फिकट रंगाचा ज्वालामुखी खडक. मालाड-मनोरी भागात त्याची आणि बेसॉल्टची हद्द शोधताना घोटाळा होतो, कारण झिजलेल्या बेसॉल्टवरही पिवळट-तपकिरी साल चढते. मग सालीचा रंग बदलला तिथे रेघ पडते. ताजा फुटलेला पृष्ठभाग बघितल्याशिवाय नाव लिहू नका, आणि भिंगातून फेल्डस्पार (खडकातलं फिकट खनिज) पाहायचा कंटाळा करू नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, लेण्यांजवळ आणि गिल्बर्ट हिलवर मात्र हातोडा बाहेर काढायचा नाही. तिथे आधीच तुटलेला कपचा शोधायचा.

सुटा दगड आउटक्रॉप (जागेवरचा उघडा कातळ) मानणे

इतर कुठे ओढ्यातला धोंडा फसवतो. इथे भराव फसवतो. समुद्राच्या बांधाला टाकलेले दगड, पायासाठी आणलेली खडी, खाणीचा राडा, यातलं काहीही त्या जागेचं नसतं. सांधे (कातळातल्या भेगा), स्तंभ किंवा थर आजूबाजूच्या कातळाशी जुळत नसतील तर नोंदच करू नका. बांद्रा बँडस्टँडसारख्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ बघून गेलात तर सलग कातळ पायाखाली मिळतो.

प्रत्येक फटीला लाव्हाप्रवाहाची हद्द म्हणणे

एकाच प्रवाहात वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्यांचे पट्टे असू शकतात. खरी हद्द मानायला खालच्या प्रवाहाचा पोकळ्यांनी भरलेला माथा आणि त्यावर वरच्याचा तळ दिसायला हवा. मध्ये तांबड्या मातीचा थर, म्हणजे रेड बोल, मिळाला तर उत्तमच. डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाची भिंत, वेगळा ओळखा : त्याच्या दोन्ही कडा बारीक कणांच्या असतात, आणि उभ्या डाइकमधले स्तंभ आडवे पडलेले असतात. त्याची रेषा टेकड्या-ओढे न जुमानता सरळ जाते, आणि तिथे पट्टी खुशाल वापरा.

कंपासवर डोळे मिटून विश्वास

बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज सुई ओढतं, आणि शहरात सळया आणि गाड्या त्यात भर घालतात. अ वरून ब ची दिशा घ्या, मग ब वरून अ ची. फरक 180 अंश नसेल तर काही मीटर सरकून पुन्हा मोजा. उंच इमारतींच्या गल्लीत फोनचं जीपीएसही हलतं, तिथे नकाशावरच्या खुणांशी ताडून पाहा.

सगळ्या रेषा सारख्याच ठळक काढणे

याबद्दल मी आग्रही आहे. डोळ्यांनी पाहिलेला कॉन्टॅक्ट सलग रेषेने, अंदाजे जागा तुटक रेषेने, भरावाखाली किंवा इमारतींखाली गेलेला ठिपक्यांनी दाखवा. हा नकाशा पुढे भुयार किंवा पाया खोदणाऱ्याच्या हातात जाऊ शकतो, आणि सलग रेषा बघून तो तिथे बोअर घ्यायचंच सोडून देईल.

नकाशा शाईने पक्का करण्यापूर्वी पूर्व-पश्चिम एक छेद, म्हणजे जमिनीखालच्या थरांचं उभं चित्र, काढा. थराची जाडी एखाद्या ठिकाणी अचानक दुप्पट झालेली दिसली, तर छेदात ती गुळगुळीत करू नका. नकाशावर ती जागा शोधा आणि पुन्हा तिथे जा.