रत्नागिरी बघायची तर आधी थिबाची समाधी, मग राजवाडा

मुंबईचे पाहुणे उतरले की पहिला प्रश्न ठरलेला: "थिबा पॅलेसला कसं जायचं?" मी त्यांना आधी ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या या राजवाड्यात नेतच नाही.

सकाळी आठच्या आत टिळक आळीत या आणि गाडी लांब लावून चालत शिरा. टिळकांचं जन्मघर कौलारू आहे, लहानसं आहे. 23 जुलै 1856 ला ते इथं जन्मले आणि दहाव्या वर्षी पुण्याला गेले. आत जाण्याआधी आसपास जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपणाची भिंत, दिसला तर त्यावर तळवा ठेवा. आमच्या आजोबांनी मला जांभा असाच ओळखायला शिकवला. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, वाऱ्याउन्हात घट्ट होतो. हातानं तासलेल्या जुन्या चिऱ्यावर घाव वेडेवाकडे लागतात, यंत्रानं कापलेल्यावर सारख्या अंतराच्या रेघा असतात. एवढं कळलं की भिंतीची डागडुजी कुठं झाली ते तुम्हीच मला दाखवाल.

तिथून पतितपावन मंदिर. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, 1931 साली, ते सर्व जातींसाठी उघडलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. दर्शन घेऊन लगेच निघू नका, सभामंडपात पाच मिनिटं बसा. ज्या काळात माणसाला देवळाच्या पायरीवरून हाकलत, त्या काळात हा मंडप उभा राहिला. मला गावातली ही सगळ्यात मोठी वास्तू वाटते.

जेवून, थोडं पडून, शिवाजीनगरात थिबाच्या समाधीवर जा. पुष्कळ लोक ती वगळतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, हा शेवटचा राजा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढल्या वर्षी त्याला इथं आणून ठेवलं. पाठीशी सह्याद्री, पुढ्यात समुद्र, आणि तेव्हा आगगाडीही नव्हती, म्हणजे पळायला वाटच नाही. तो 1916 च्या डिसेंबरात वारला. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपुढे येऊन उभे राहिले होते.

आता राजवाडा. तो 1910 मध्ये पुरा झाला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं राजा इथं राहिला. आधी समाधी बघितली असली की ही भव्य लाल इमारत नुसती शोभेची वाटत नाही. संगमरवरी फरशीचं दालन आहे, ते बघा, पण रेंगाळायचं ते खिडक्यांपाशी. अर्धगोल लाकडी खिडक्यांपाशी उभं राहून पश्चिमेकडं बघा. मागच्या बाजूची बुद्धमूर्तीही चुकवू नका. आत सरकारी संग्रहालय आहे, तेव्हा सोमवार टाळा आणि तीनच्या सुमारास पोचा.

रत्नदुर्ग किल्ला त्याच दिवशी उरकू नका, तिथलं भगवतीचं देऊळ आणि दीपगृह दुसऱ्या सकाळी. पहिल्या दिवशी मात्र दिवे लागायच्या आधी थिबा पॉइंटवर या. खाली भाट्याची खाडी, पूल, परतणाऱ्या होड्या. पाहुणे इथं आपोआप गप्प होतात, मीही त्यांच्याशी बोलत नाही.