क्योटोत देवळं पायी बघताय? या चुका टाळा

क्योटोला जाणारे लोक विमानाची तिकिटं सहा महिने आधी काढतात, हॉटेलं दहादा तपासतात आणि देवळांचा क्रम मात्र आदल्या रात्री झोपता झोपता ठरवतात. शहरात सुमारे १६०० बौद्ध मंदिरं आणि ४०० शिंतो (शिंतो हा जपानचा मूळ धर्म) देवस्थानं आहेत. ती सगळी कुणालाच बघून होत नाहीत. तरीही ‘जास्तीत जास्त उरकू’ या घाईने दिवस नासवणारे रोज दिसतात, आणि चुका त्याच त्या असतात.

एका दिवसात चार दिशा

नेहमीची यादी अशी: किंकाकुजी, आराशियामा, फुशिमी इनारी, कियोमिझुदेरा, गिंकाकुजी. आता नकाशा उघडा. किंकाकुजी वायव्येला, आराशियामा पश्चिमेच्या डोंगराखाली, फुशिमी इनारी दक्षिणेला, उरलेली दोन पूर्वेला. या यादीचा दिवस कसा जाणार हे सकाळीच सांगता येतं. हॉटेलातला नाश्ता आटपून साडेनऊला क्योटो स्टेशनवर बसच्या रांगेत. पहिली बस समोरून भरून जाते, दुसरीत जेमतेम उभं राहायला मिळतं. चाळीसेक मिनिटांनी किंकाकुजी. आत एकच ठरलेली वाट, तीही गर्दीच्या वेगाने. सोनेरी मंडपात कुणालाच प्रवेश नाही, त्यामुळे तळ्याकाठून फोटो काढून पाऊण तासात बाहेर. आराशियामाला पोचायला बारा वाजतात, मग जेवणाची रांग, मग बांबूच्या वाटेवर माणसंच माणसं. गाडी बदलून इनारीला जाईतो साडेतीन. तिथे पहिल्याच वळणावरून परत. कियोमिझुदेराच्या चढावर साडेचार, आणि दुकानांपुढच्या गर्दीतून वर सरकायला अर्धा तास. गिंकाकुजीचं दार पाचला बंद होतं, डिसेंबर ते फेब्रुवारीत साडेचारलाच. म्हणजे पाचातलं एक राहिलंच, उरलेल्या चारांपैकी एकही धड पाहिलं नाही, आणि दिवसाचे तीन-चार तास बस, फलाट आणि रांगांनी खाल्ले. संध्याकाळी हेच लोक म्हणतात की क्योटोत फार गर्दी आहे.

उपाय एकच: एका दिवशी एकच बाजू धरायची. पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्वेची, हिगाशियामाची बाजू धरावी. ‘हिगाशियामा’ म्हणजेच पूर्वेचा डोंगर, आणि देवळं त्याच्या पायथ्याशी दक्षिणोत्तर ओळीने आहेत. सुरुवात दक्षिणेकडून, कियोमिझुदेरापासून करायची, कारण ते सकाळी ६ला उघडतं आणि बाकीची तिकिटाची ठिकाणं साडेआठ-नऊशिवाय उघडत नाहीत. उलट दिशेने निघालात तर ऐन गर्दीच्या वेळी कियोमिझुच्या चढावर सापडाल.

वेळेचं गणित असं बसतं. ६ ते साडेसात कियोमिझुदेरा. दरीवर पुढे आलेला तिथला लाकडी सज्जा १६३३च्या बांधणीतला आहे, उंची सुमारे १३ मीटर, आणि तो खालच्या उभ्या खांबांवर तोललेला आहे. वरून दरी बघून निघून जाऊ नका, खालच्या वाटेवर उतरून हे खांब आणि त्यांना जोडणारे आडवे वासे बघा, खरं काम तिथे आहे. मग सान्नेन्झाका आणि निनेन्झाका या पायऱ्यांच्या गल्ल्यांतून खाली. सात-साडेसातला तिथे दुकानं बंद असतात, म्हणूनच गल्ली दिसते. पावसात दगड निसरडे होतात, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. आठच्या सुमारास यासाका देवस्थान, ते कायम उघडं असतं. तिथून उत्तरेला सुमारे दोन किलोमीटरवर नान्झेनजी, उघडायची वेळ ८:४०. आवार मोफत आहे. मागच्या बाजूला १८८८ सालचा विटांचा कालवापूल आहे, तो बघायलाही पैसे पडत नाहीत, तरी निम्मे लोक मोठा दरवाजा बघून परत फिरतात. मग एइकान्दो मंदिर, आणि तिथून ‘तत्त्वज्ञाचा मार्ग’ ही दोनेक किलोमीटरची कालव्याकाठची पायवाट. या वाटेवर दिशा चुकणारे बरेच. खूण सोपी आहे: क्योटोतल्या नद्या दक्षिणेला वाहतात, हा कालवा मात्र उत्तरेला. पाण्याबरोबर चाला, गिंकाकुजीला पोचता. चाल सहा-सात किलोमीटर होते, आवारांतली वेगळी, आणि दुपारच्या जेवणापर्यंत सगळं आरामात होतं.

सकाळी सहाला कियोमिझुपाशी खाण्याची दुकानं उघडलेली नसतात. आदल्या रात्रीच कोंबिनीतून (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातून) ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन ठेवा. शाकाहाऱ्यांनी घटकांची यादी भाषांतराच्या अॅपमधून वाचावी, ‘भाजीच्या’ पदार्थातही माशाचा अर्क असतो.

किंकाकुजी आणि गिंकाकुजी यांत गोंधळ करू नका. किं म्हणजे सोनं, गिं म्हणजे चांदी. पहिलं वायव्येला, दुसरं ईशान्येला, आणि गिंकाकुजीवर चांदी मुळीच नाही.

मंदिरात टाळी वाजवणं

ही चूक सगळ्यात जास्त खुपते, कारण टाळणं अगदी सोपं आहे. जिंजा म्हणजे शिंतो देवस्थान आणि तेरा म्हणजे बौद्ध मंदिर. दोन्हींकडे नमस्काराची रीत वेगळी. कुठेतरी दोन टाळ्यांचा व्हिडिओ बघून लोक प्रत्येक ठिकाणी टाळ्या वाजवत सुटतात. समोर जपमाळ घेऊन बसलेल्या आजीबाई दचकतात, आणि वाजवणाऱ्याला कळतही नाही.

जिंजाची ओळख तोरिई, म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेली कमान. तिथे क्रम असा: नाणं पेटीत अलगद सोडायचं (लांबून भिरकावायचं नाही), घुंगराची दोरी असेल तर हलवायची, दोनदा कमरेत वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं मागणं, मग पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिराला जाडजूड छपराचा दरवाजा असतो, आत उदबत्त्यांचं पात्र आणि मूर्ती. तिथे आपल्यासारखाच, हात जोडून शांत नमस्कार. मराठी माणसाला ही रीत शिकवावी लागू नये, तरी घाईत तोच चुकतो. एक खरी अडचण आहे: मोठ्या मंदिराच्या आवारात छोटं तोरिई असतं. १८६८मध्ये मेइजी सरकारने दोन्ही धर्मस्थळं वेगळी करायचा हुकूम काढला, त्याआधी शेकडो वर्षं ती मिसळलेली होती. म्हणून आवार कुणाचं याऐवजी तुम्ही ज्याच्यापुढे उभे आहात ती वास्तू कुणाची, हे बघा.

प्रवेशापाशी पाण्याचं कुंड असतं. त्यात हात बुडवणं, पळीला तोंड लावणं, चूळ परत कुंडात टाकणं, तिन्ही बघायला मिळतं. एकाच पळीभर पाण्यात सगळं उरकायचं असतं. उजव्या हाताने पळी भरून डावा हात धुवा. पळी डाव्या हातात घेऊन उजवा धुवा. परत उजव्यात घ्या, डाव्या ओंजळीत थोडं पाणी घेऊन तोंड खळखळवा, पाणी कुंडाबाहेर टाका, डावा हात पुन्हा धुवा. शेवटी पळी उभी धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून पुढच्या माणसासाठी दांडा स्वच्छ होतो. काही ठिकाणी आता पळ्या काढून नुसती धार ठेवली आहे, तिथे हात धुतले की पुरे.

आपल्या सवयीने होणारी आणखी एक गोष्ट: दोरांनी टांगलेला ओंडका आणि शेजारी प्रचंड घंटा दिसली की ती वाजवायला हात जातो. ही दारातली घंटा नव्हे. चिओन-इन मंदिराची घंटा सुमारे ७० टनांची आहे, वर्षअखेरीला ती वाजवायला १७ भिक्षू लागतात. ‘वाजवा’ अशी पाटी नसेल तर हात लावू नका. दरवाज्याच्या उंबरठ्यावर पाय देऊ नका, ओलांडा. हे तर आपल्याकडेही आजी सांगतेच.

लहान चुका, थोडक्यात

लेसचे बूट. दालनांमध्ये अनवाणी नव्हे, मोज्यांवर जावं लागतं, आणि दिवसात सहा-सात वेळा. पायात सरकवायचे बूट घाला आणि धड मोजे ठेवा. थंडीत त्या लाकडी जमिनी बर्फासारख्या लागतात, तेव्हा लोकरीचा एक जोड पिशवीत असू द्या. बुटाचा पाय लाकडी फळीवर टेकवायचा नाही, बूट खालीच काढायचे.

गोशुइन म्हणजे देवळाचा शिक्का आणि हाताने लिहिलेलं नाव. साध्या वहीवर मागू नका, त्यासाठी घडीची वेगळी वही मिळते. आधी दर्शन, मग शिक्का, साधारण ३०० ते ५०० येन, सुटे पैसे हातात, पान उघडून द्यायचं. खिडकी बऱ्याचदा साडेचारलाच बंद होते.

बसचा दिवसभराचा जुना पास २०२४पासून चालत नाही. मेट्रो आणि बस मिळून ११०० येनचा आहे, पण वरच्या पायी मार्गाला त्याची गरजच नाही.

मोठी बॅग घेऊन बसमध्ये चढू नका. स्टेशनवर लॉकर आहेत.

गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी बोळांत शिरू नका, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत.

सान्जूसान्गेन्दो हे बौद्ध मंदिर यादीतून गाळणं ही मराठी माणसाची मोठी चूक. कियोमिझुपासून वीस-पंचवीस मिनिटं चाल, कान्नोनच्या (म्हणजे अवलोकितेश्वराच्या) १००१ मूर्ती, आणि त्यांच्या राखणीला इंद्र, ब्रह्मा आणि बासरी वाजवणारा गरुडही. आत फोटो काढायला मनाई आहे, त्यामुळे लोक खरंच बघतात.

फुशिमी इनारी: पहिल्या वळणावरून परत

इनारी हा २३३ मीटरचा डोंगर आहे. पूर्ण फेरी सुमारे चार किलोमीटर, दोन ते तीन तास. लोक पहिल्या दाट तोरिईंच्या बोगद्यात फोटोसाठी अर्धा तास अडकतात आणि तिथूनच वळतात. अर्धा-पाऊण तास चढून योत्सुत्सुजी या चौकापर्यंत गेलात तर शहर दिसतं आणि गर्दी निम्म्याहून कमी होते. ते देवस्थान रात्रंदिवस उघडं आणि मोफत आहे, म्हणून सकाळी सातच्या आत जा, दुपारच्या फटीत कोंबू नका. चढताना खांब कोरे दिसतात. मागे वळून बघा, दात्यांची नावं आणि तारखा मागच्या अंगाला कोरलेल्या आहेत. कोल्हे हे देव नाहीत, धान्याच्या आणि व्यापाराच्या देवाचे दूत आहेत.

क्योटो स्टेशनवरून नारा लाइनची साधी लोकलच पकडा. मियाकोजी जलद गाडी इनारीला थांबत नाही, आणि ते डब्यात बसल्यावर कळतं.