पोरांची डर्ट बाईक ट्रेलला न्यायच्या आधी काय काय करून घ्यायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करूया, ही डर्ट बाईक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची बाईक, सोसायटीच्या गेटबाहेर स्वतःच्या चाकांवर जायची नाही. हिचं रजिस्ट्रेशनच होत नाही, आणि पोर रस्त्यावर चालवताना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पालकाला २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुंबईतलं आरे, नॅशनल पार्क वगैरे पण डोक्यातून काढा. टेम्पोत टाकायची, कर्जत, मुरबाड, शहापूर साइडला कुणाच्या तरी खाजगी जागेत मालकाला विचारून चालवायची, बस.

माझ्या पोरीकडे (वय १०) कावासाकी केएलएक्स ११० आहे, ७६ किलोची, सीट ६८० मिमी उंच. खाली लिहिलंय ते त्या बाईकवर केलंय, पण कार्बोरेटरवाल्या बाकी छोट्या फोर स्ट्रोकलाही बहुतेक सगळं लागू आहे.

सगळ्यात पहिलं सेटिंग. पोराला रायडिंगचे बूट घालूनच बसवा, चपलेवर नको कारण सोलमुळे उंचीत फरक पडतो, आणि दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का बघा. मग फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं करा, ट्रेलवर बराच वेळ उभंच राहायचं असतं, आणि हँडल इतकं फिरवा की उभं राहिल्यावर कंबरेतून फार वाकायला लागणार नाही. ब्रेक लिव्हर थोडा खाली झुकवा, मनगट सरळ राहून दोन बोटं आरामात पोचली पाहिजेत. आणि प्लीज, लिव्हरचा क्लॅम्प करकचून आवळू नका! बाईक पडणारच, तेव्हा लिव्हर जागेवर फिरला पाहिजे म्हणजे तुटत नाही, त्यासाठी क्लॅम्पखाली प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन वेढे मारायची. आमचा पहिला लिव्हर मुरबाडला अर्ध्या तासात तुटला आणि पोरगी घरी येईपर्यंत रडत होती, तेव्हापासून एक स्पेअर बॅगेत असतोच. थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटरला) लिमिटरचा, म्हणजे तो पूर्ण उघडू न देणारा, स्क्रू असेल तर सुरुवातीला तो आत घालून ठेवा, पोराला कंट्रोल येईल तसा थोडा थोडा सोडायचा.

प्रोटेक्शनमध्ये पैसे घालायचे तर आधी बॅश प्लेट, म्हणजे इंजिनच्या खालची धातूची ढाल. आपल्याकडे वाटेत काळा दगड असतो, टोकदार, आणि छोट्या बाईकचं इंजिन जमिनीच्या जवळ, एक दगड लागून केसिंग फुटलं की खर्च मोठा. रेडीमेड नाही मिळाली तर फॅब्रिकेशनवाल्याकडून ४ मिमी अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या, ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक ठेवायला सांगा. नट-बोल्ट, क्लॅम्प नागदेवी स्ट्रीटला मिळतात, बाकी बऱ्याच पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. नंतर हँडगार्ड. फॅन्सी एक्झॉस्ट अजिबात नको, पोराला त्याचा काही उपयोग नाही.

टायरमध्ये १४ पीएसआयच्या आसपास हवा, फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होते. पंपावरचा गेज इतक्या कमी प्रेशरला भरवशाचा नाही, छोटा लो प्रेशर गेज घ्या. पहिल्या राइडनंतर स्पोक आणि सगळे बोल्ट परत चेक करा, हमखास सैल होतात.

एअर फिल्टर हा विषय लोक फार हलक्यात घेतात आणि मग पिस्टन-रिंगचं काम निघतं. डिसेंबरनंतर त्या बाजूला बारीक लाल धूळ असते, पुढच्या बाईकच्या मागे चालवलं की एका दिवसात फिल्टरचा फोम भरतो, म्हणून प्रत्येक राइडनंतर काढायचा. आधी फिल्टर क्लीनर किंवा रॉकेल, मग कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड, दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही, पिळला की फोम फाटतो. पेट्रोलमध्ये धुऊ नका, जोडाचा गम सुटतो आणि आगीची भीती वेगळी. मुंबईच्या हवेत रात्रभर पंख्याखाली ठेवला तरच आतून सुकतो, मग फिल्टर ऑइल सगळीकडे चोळून लावायचं. दुसरा एक ऑइल लावलेला झिपलॉकमध्ये तयार ठेवा.

आता खरं मुंबईचं दुखणं, बाईक दगडांनी जितकी खराब होत नाही तितकी पार्किंगमध्ये उभी राहून होते. खारी दमट हवा, त्यात जून ते सप्टेंबर कोणी हात लावत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, आणि कार्बोरेटरमध्ये तसंच राहिलं की पायलट जेट (आतलं पेट्रोल जायचं बारीक भोक) चोक होतो, मग किक मारून मारून पाय दुखतो पण बाईक चालू होत नाही. म्हणून पावसाआधी टाकी रिकामी करा, कार्बच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं पण काढा. बाईक धुऊन (जोराचं प्रेशर बेअरिंगवर नको) दहा मिनिटं इंजिन चालवून सुकवायची, ते पेट्रोल काढायच्या आधी, मग चेनला ल्यूब, स्पोक आणि उघड्या बोल्टवर गंज न धरणारा स्प्रे, फक्त ब्रेकवर उडू देऊ नका. सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबा. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतो, जुनी सुती चादर बेस्ट. जमलं तर स्टँडवर चढवून टायर जमिनीपासून वर.

पोराचं हेल्मेट, गॉगल, चेस्ट गार्ड, गुडघ्याचे गार्ड, बूट हे सगळं मापाचंच, "वाढत्या अंगाचं" म्हणून मोठं हेल्मेट घेऊ नका, पडताना ते डोक्यावर फिरतं.

ऑक्टोबरमध्ये काढाल तेव्हा सायलेन्सरमधलं कापड आधी काढा, मग हवा, ताजं पेट्रोल, आणि सुरू करायच्या आधी हाताने ढकलत दोन्ही ब्रेक मारून बघा, ब्रेकच्या ड्रमला आतून गंज धरलेला असतो, ब्रेक मोकळे होईपर्यंत पोराला बसवू नका.